पीपीटी सर

नवीन माणूस भेटला की आपल्याकडे आधी आडनाव विचारतात, मग मूळ गाव. पीपीटी सर फेरिटिन विचारतात. "फेरिटिन किती तुमचं?" आपण गडबडतो. साखर विचारली असती तर काहीतरी आकडा पुढे केला असता. तेवढ्यात सर आपल्या डोळ्याच्या खालच्या पापणीकडे नजर टाकतात, "विशीच्या आत असणार" असं स्वतःशीच म्हणतात आणि वहीत टिपून घेतात. मग समजावतात. हिमोग्लोबिन म्हणजे कालव्यातलं पाणी आणि फेरिटिन म्हणजे धरणातला साठा. कालवा भरून वाहतोय म्हणून खूश होऊ नये, तिकडे धरणाचा तळ दिसायला लागलेला असतो. लांब पल्ल्याच्या मुली नेमक्या इथेच मार खातात. हे सगळं ते माझ्यासारख्या, बस सुटत असली तरी न पळणाऱ्या माणसाला सांगतात आणि पुढच्याकडे वळतात.

महाराष्ट्रात जिथे म्हणून चारशे मीटरचा ट्रॅक आहे, मग तो सिंथेटिक असो की फक्की मारून आखलेला मातीचा, तिथे असे एक सर असतात. नाशिकला आहेत, पुण्याला आहेत, परभणीला आहेत. साताऱ्याला दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. त्यांना कुणी नेमलेलं नसतं. पगार नाही, मानधन नाही, कुठल्या लेटरहेडवर नाव नाही. स्वतः ते जन्मात कधी पळालेले नसतात. तरी पहाटे साडेपाचला मैदानाच्या कडेला हजर असतात, आणि या देशातल्या दीर्घ पल्ल्याच्या धावण्याचं पुढच्या बारा वर्षांत काय व्हायला हवं ते त्यांना महिनावार पाठ असतं.

मी सांगतोय ते नाशिकचे. खाली ट्रॅकसूटची पँट, वर इस्त्रीचा फुल शर्ट, खिशाला दोन पेनं, गळ्यात स्टॉपवॉच आणि खांद्याला लॅपटॉपची बॅग. मैदानावरची पोरं त्यांना समोर 'सर' म्हणतात आणि मागे 'पीपीटी सर'. हे त्यांना ठाऊक आहे आणि त्यांची काही हरकत नाही. उलट एकदा म्हणाले, "निदान पीपीटी आहे हे तरी लक्षात ठेवतात."

सर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. अख्खी नोकरी अंदाजपत्रकं करण्यात गेली. त्यामुळे लांबणाऱ्या कामाची त्यांना भीती वाटत नाही. "अहो, एकेका धरणाला तीस वर्षं लागतात, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. मी एका धावपटूला फक्त आठ मागतोय!" त्यांच्या आराखड्याचं नाव आहे 'राष्ट्रीय दीर्घ पल्ला धावपटू विकास कार्यक्रम (सुधारित)'. कंसातला शब्द पहिल्या दिवसापासून आहे. मूळ अंदाजपत्रकाला खात्यात कुणी विचारत नाही, मान असतो तो सुधारिताला. मुलं मध्येच पळणं सोडतात त्याला सर 'गळती' म्हणतात. ज्या तालुक्यांतून मुलं येतात ते 'लाभक्षेत्र'. पहिलं लक्ष्य होतं 2020 चं टोकियो. ते ऑलिम्पिक 2021 वर गेलं तेव्हा सगळं जग हळहळलं, सर मात्र शांत होते. मुदतवाढ मिळणारच, असं त्यांनी गृहीतच धरलं होतं. आता लक्ष्य 2036 चं आहे.

पीपीटी उघडते ती अ‍ॅक्टिव्हाच्या सीटवर. उन्हामुळे स्क्रीनवर काही दिसत नाही. दिसतंय असं धरून सर चालू करतात. दुसऱ्या स्लाइडवर कायम डेक्कन जिमखाना. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, पुण्यात जिमखान्याच्या शर्यती, अध्यक्षस्थानी दोराबजी टाटा. शेतावर राबणारी पोरं अनवाणी पळताहेत, आणि टाटांच्या लक्षात येतं की यांच्या वेळा युरोपातल्या वेळांपासून फार लांब नाहीत. त्यातून 1920 ला अँटवर्पच्या ऑलिम्पिकला माणसं गेली. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले. त्या वर्षी अंतर नेहमीच्या 42.195 ऐवजी 42.75 किलोमीटर होतं, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जास्त आगाऊ. चौगुले 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत एकोणिसावे आले.

इथे सर थांबतात आणि त्या तयारीच्या बैठकीचा किस्सा सांगतात. शंभर मीटरला साधारण किती वेळ लागावा, असं कुणीतरी विचारलं. एक मातब्बर सभासद म्हणाले, एक मिनिट, दोन मिनिटं, काहीही लागू शकतं. हिशेब सेकंदांचा आणि सेकंदाच्या दशांशांचा असतो हे कळल्यावर ते थक्क झाले म्हणे. सर हसत नाहीत. "शंभर मीटर सेकंदांत मोजायचं असतं एवढं आपण तेव्हा शिकलो. माणूस घडवायचा कार्यक्रम मात्र अजून एकतीस मार्चपर्यंत मोजतो."

तिसऱ्या स्लाइडवर शिवनाथ सिंग. 1976 ला माँट्रियलच्या ऑलिम्पिक मॅरेथॉनमध्ये अकरावे. 1978 ला जालंधरला 2 तास 12 मिनिटं; हा राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून जास्त टिकला. या माणसावर सरांचं अपार प्रेम आहे आणि थोडा रागही आहे, कारण शिवनाथ सिंग अनवाणी पळत. पुढच्याच स्लाइडवर कार्बन प्लेटच्या शूजची खरेदी आहे, आणि दर वेळी कुणीतरी चेष्टेखोर पोरगं विचारतं, "सर, मग शूज कशाला?" त्यावर सर चाळीस मिलिमीटर सोलची मर्यादा, फोमची उसळी आणि त्याचं ऊर्जेशी गणित असं बरंच सांगतात. पोरगं तोवर वॉर्मअपला पळालेलं असतं.

खरी रंगत स्लाइड सहापासून. 'प्रतिभा शोध.' आपल्याकडे पळणारं पोरगं शोधावं लागत नाही हे सरांना पक्कं माहीत आहे. कुठल्याही तालुक्याला पहाटे डांबरी रस्त्यावर उभे राहा, अंधारातून पावलं ऐकू येतात. ही सगळी भरतीची मुलं. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. सर तिथे स्टॉपवॉच घेऊन उभे राहतात. सोळाशेला पाच मिनिटांच्या आत आलेलं पोरगं दिसलं की त्यांचे डोळे लकाकतात, वहीत नाव, गाव, वडलांचा मोबाइल. पण भरतीत ठराविक वेळेच्या आत आलात की पूर्ण गुण. त्याहून वीस सेकंद आधी आलात तरी तेवढेच. म्हणजे पोरगं आणखी जोरात का पळेल? आणि एकदा निवड झाली की पळेलच का?

मागच्या खेपेला त्यांचा एक हुकमी मुलगा लागला पोलिसात. दोन वर्षं सरांनी त्याच्यावर घालवलेली. पाच हजारला चांगला उतरत चालला होता. तो पेढे घेऊन आला, वाकून पाया पडला, आई मागे पदर तोंडाला लावून रडत होती, आनंदानं. सरांनी पेढा हातात घेतला, तोंडात टाकला आणि इतका वेळ चघळला की मला वाटलं आता गिळता येतो की नाही. "छान झालं बाळ. घरचं भलं झालं." पोरगं गेल्यावर वही काढली, त्याच्या नावापुढे 'गळती' लिहिलं आणि मग खोडून 'स्थलांतर' असं केलं. "खात्यात नोंद खरी करावी लागते," म्हणाले.

अविनाश साबळेचा विषय निघाला की सर दोन मनांत अडकतात. अभिमान तर इतका की जणू स्टीपलचेसच्या पाण्याच्या खड्ड्यावरून साबळेला त्यांनीच हात देऊन पलीकडे काढलं. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलात 2022 ला 8 मिनिटं 11.20 सेकंद, रौप्य. सुवर्ण फक्त पाच शतांश सेकंदांनी गेलं. त्या शर्यतीतली तिन्ही पदकं 1998 पासून केनिया घरी नेत होता, तिथे बीडच्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव मध्ये घुसलं. पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. मग पॅरिसची अंतिम फेरी. हे सांगताना सरांचा आवाज चढतो.

पण मग त्यांना स्वतःचा तक्ता आठवतो. त्यांच्या तक्त्यात वय वर्षं तेरा ते पंधरा 'शोध', सोळा ते अठरा 'पायाभरणी', एकोणीस ते बावीस 'विकास'. साबळे बारावी करून लष्करात गेला, महार रेजिमेंटमध्ये जवान झाला, सियाचीनला राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला, आणि विशी ओलांडल्यावर लष्कराच्या क्रॉसकंट्रीत उतरला. मध्ये वजन वाढलं होतं तेही उतरवलं. 2018 ला भुवनेश्वरला त्यानं गोपाल सैनींचा 1981 चा राष्ट्रीय विक्रम मोडला. "आता मला सांगा," सर काकुळतीला येऊन विचारतात, "सियाचीन कुठल्या टप्प्यात घालू? पायाभरणीत बसत नाही, विकासात बसत नाही." काही दिवस त्यांनी 'इतर' असा चौथा रकाना केला होता. नंतर तो काढला. त्यात एकटाच साबळे होता आणि बाकीचे तीन रकाने रिकामे होते, ते वाईट दिसायचं.

लाभक्षेत्राचा नकाशा मात्र त्यांनी असा काढलाय की बघत राहावं. आष्टी. ललिता बाबरचा माण तालुका. तीच ललिता जी 2016 ला रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली, 1984 च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवर ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय बाई. मग आमच्याकडचं सावरपाडा, कविता राऊतचं, जिनं 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुलात दहा हजार मीटरला कांस्य घेतलं. सावरपाड्याकडे पाऊस धो धो, आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात. सर नकाशावर बोट ठेवून म्हणतात, "जिथे आम्ही पाणी पोचवू शकलो नाही तिथेच धावपटू निघालेत. म्हणजे खात्याचं योगदान आहेच." हे ते थट्टेनं म्हणतात की खरं मानून, मला अजून कळलेलं नाही.

सह्याद्रीवर त्यांचा वैयक्तिक राग आहे. उंचीवरच्या सरावासाठी साधारण दोन हजार ते अडीच हजार मीटर उंची लागते. हवा विरळ, शरीर तांबड्या पेशी वाढवतं, तीन-चार आठवडे राहून खाली आलात की काही दिवस फायदा. केनियातलं इतेन 2400 मीटरवर आहे. उटी बावीसशेच्या वर. आणि आमचं कळसूबाई, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, 1646 मीटर. "साडेतीनशे मीटरनं घात केला हो," ते इगतपुरीच्या दिशेला बघत म्हणतात. महाबळेश्वरचं नाव काढलं तर चिडतात, "तिथे फक्त स्ट्रॉबेरीचा सराव होतो." त्यामुळे पीपीटीत उटी आहे, इतेन आहे. आणि त्याच्यापुढे एक छोटी टीप: उंचीवर जाण्याआधी फेरिटिन तपासणे, लोह नसेल तर तांबड्या पेशी कशातून वाढणार. फिरून गाडी तिथेच.

आता या माणसाची मैदानावरची सगळ्यात मोठी लढाई कुणाशी आहे? संघटनेशी नाही, सरकारशीही नाही. ती आहे पोरांच्या जोरात पळण्याशी. दीर्घ पल्ल्याच्या सरावात आठवड्याला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर होतात आणि त्यातलं बहुतेक पळणं सावकाश, बोलता बोलता व्हावं लागतं. हे जगभर मान्य आहे आणि आमच्या मैदानावर कुणालाच मान्य नाही. एक पोरगं पुढे गेलं की दुसऱ्याला राहवत नाही, मंगळवारची हलकी दौड बघता बघता राष्ट्रीय अंतिम फेरी होते. सर शिट्टी घेऊन वळणावर उभे असतात. "हळू! अरे हळू! गप्पा मारा!" जगात हा एकच मार्गदर्शक असेल जो मुलांना 'गप्पा मारा' म्हणून ओरडतो. पोरं धापा टाकत ओरडतात, "मारतोय सर!" आणि जातात निघून.

म्हणून त्यांनी लॅक्टेटचं यंत्र आणलं, पेन्शनमधून. कानाच्या पाळीला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, आकडा दोनच्या आसपास असेल तर पळणं हलकं, चारच्या वर गेला तर पोरगं खोटं बोलतंय. पट्ट्या महाग, त्यामुळे कुणाचा कान कधी टोचायचा हे सर गुपित ठेवतात. एकदा ते हरसूलकडच्या एका पाड्यावर मुलीच्या घरी चाचणीला गेले तर आजीनं हळदीची वाटी आणून ठेवली. तिला वाटलं, नातीचे कान टोचायला सोनार आलाय. सरांनी हळद लावून घेतली म्हणे. उगाच वाद नको.

मागे त्यांना एका मोठ्या कार्यालयात सादरीकरणाला बोलावलं. कुठलं ते राहू दे. 84 स्लाइड आणि वेळ मिळाला पाच मिनिटं. सर शिवनाथ सिंगपर्यंत पोचले आणि साहेबांनी हात वर केला. "फार अभ्यासपूर्ण आहे. पण यात उद्घाटन कुठे आहे?" सर गोंधळले. साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "म्हणजे आठ वर्षांचा कार्यक्रम, ठीक. पण सुरुवात कधी झाली हे लोकांना कळायला नको? मंत्रिमहोदय झेंडा कुठे दाखवणार?" दुसऱ्या साहेबांनी सुचवलं, त्यापेक्षा एक मॅरेथॉन घ्या. पाच हजार लोक, पाच हजार टी-शर्ट, झुंबा. सरांनी विनयानं सांगितलं की मॅरेथॉन भरवल्यानं मॅरेथॉनपटू होत नाहीत. त्यावर सगळे साहेब इतके मनापासून हसले की सरांनाही हसावं लागलं. शाल मिळाली, नारळ मिळाला, 'दहा स्लाइडमध्ये करून पाठवा' असं सांगण्यात आलं. परतताना बसमध्ये ते खूश होते. "नाकारलं नाही. सुधारित मागवलंय!"

काकूंचं यावरचं मत वेगळं आहे. त्यांच्याकडे आठवड्यातून दोन-चार पोरी मुक्कामाला असतात, कुणाची पहाटेची गाडी, कुणाची सकाळची रक्ततपासणी. नागलीच्या भाकरी, हरभऱ्याची उसळ, वर लिंबू पिळून. जेवणावर चहा नाही, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. हा नियम सरांनी घरात लावला तेव्हा काकूंनी आठवडाभर अबोला धरला होता. मला म्हणाल्या, "यांचा कार्यक्रम राष्ट्रीय, पण पीठ आमचं."

आणि इथे मला त्या माणसाबद्दल जे सांगायचंय ते येतं. पीपीटीच्या 84 स्लाइडमध्ये 'खेळाडू साहाय्य' नावाचा एकच चौकोन आहे. त्यातून एक बाण निघतो आणि 'पदक'कडे जातो. त्या चौकोनात काय काय असतं ते सरांनी कुठेच लिहिलेलं नाही, कारण ते काम आहे असं त्यांना वाटतच नाही.

उदाहरणार्थ ठावठिकाणा. त्यांची एक मुलगी उत्तेजकविरोधी चाचणीच्या नोंदणीकृत यादीत आली. म्हणजे तिनं रोज कुठे राहणार, कुठे सराव करणार, आणि दिवसातला कोणता एक तास नक्की कुठे सापडणार हे पुढच्या तीन महिन्यांसाठी आधीच ऑनलाइन भरायचं. बारा महिन्यांत तीनदा चुकलं की नियमभंग, बंदी दोन वर्षांपर्यंत. औषध घेतलेलं नसलं तरी. आता तिचा पत्ता काय, तर मारुतीच्या देवळामागे, चिंचेच्या पुढे. मोबाइलला रेंज फक्त देवळाच्या पायरीवर. पहिल्यांदा चाचणीवाले पहाटे आले, कुत्री मागे लागली, ते शेजारच्या पाड्यावर गेले. मुलगी नंतर रडत सरांना म्हणाली, "सर, मी तं घरीच व्हते!" सरांनी दुसऱ्या दिवशी जाऊन वस्तीचा नकाशा काढला, खात्यातल्या शिस्तीत, उत्तर दिशेच्या बाणासह, चिंचेला 'खूण क्र. 3' म्हणून. तेव्हापासून दर तिमाहीला तिचा फॉर्म भरून होईपर्यंत ते तिच्या शेजारी बसून असतात. ती मामाच्या लग्नाला दोन दिवस गेली तरी आधी सरांना फोन करून वेळ बदलून घेते. नवऱ्या मुलाच्या आईनं म्हणे विचारलंही, "ह्या सरांना हळदीलाबी कळवायचं का?"

किंवा बाटल्या. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये ओ. पी. जैशा अंतिम रेषेवर कोसळली. भारताच्या टेबलांवर पाणी द्यायला आपलं कुणी नव्हतं असं ती म्हणाली, संघटनेनं ते नाकारलं, पेपरांत चार दिवस गाजलं. कोण खरं यात सर पडले नाहीत. त्यांनी बाटल्या करायला घेतल्या. मॅरेथॉनला आघाडीच्या धावपटूंना दर पाच किलोमीटरला स्वतःची बाटली ठेवता येते. शर्यतीच्या आदल्या रात्री लॉजवर पलंगावर वर्तमानपत्र पसरून सर बसतात. आठ बाटल्या. प्रत्येकीत साखरेचं प्रमाण वजनकाट्यावर मोजून, कारण तासाला साठ ग्रॅमच्या आसपास पोटात जायला हवं आणि एकदम गेलं तर पोट बिघडतं. मीठ, लिंबू. झाकण दोनदा उघडून बघायचं, घट्ट बसलं तर पळणाऱ्या हाताला उघडत नाही. मानेला हँगरच्या तारेची कडी, बोट अडकवून उचलता यावी अशी. टेबलावर चाळीस बाटल्यांच्या गर्दीत आपली ओळखू यावी म्हणून कडीला प्लास्टिकचं झेंडूचं फूल. ती फुलं घरच्या दाराच्या तोरणाची. काकूंच्या तोरणाला आता नुसती पानं उरली आहेत.

एका शर्यतीत सरांनी स्वयंसेवकाचं कार्ड मिळवलं आणि पस्तीस किलोमीटरच्या टेबलाशी उभे राहिले. मीही बघ्यांमध्ये होतो. मुलगी आली ती मान खाली घालून, डोळ्यांत काही नाही, टेबलाच्या बाजूला पाय वळेचनात. बाटली टेबलावरच राहणार हे दिसत होतं. सरांनी फूल धरून बाटली उचलली आणि इस्त्रीच्या शर्टात, लॅपटॉपच्या बॅगेसकट, तिच्या बाजूनं पळायला लागले. चांगली वीस-पंचवीस पावलं. मी त्यांना पळताना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. कोपरं बाहेर, पाय फेंगडे, बॅग पाठीवर आपटतेय. पंच धावून आला, टेबल सोडून असं बरोबर पळून काही देता येत नाही. त्यानं सरांना खडसावलं, आणि नशीब, तिनं बाटलीला हात लावायच्या आत सरांना अडवलं, नाहीतर तीच अडचणीत आली असती. पण त्यांचं ते पळणं बघून मुलीला हसू फुटलं. बेचाळीसपर्यंत ती त्या हसण्यावरच गेली असं तिचं म्हणणं. सरांचं म्हणणं वेगळं: ग्लायकोजेन.

परवा संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो तर टेबलावर लॅपटॉप, 84 च्या दहा करायचं चाललेलं. डेक्कन जिमखाना काढावा की शिवनाथ सिंग, यावर अडले होते. पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात 'उद्घाटन' असं घातलेलंही दिसलं. तेवढ्यात फोन वाजला. सरांनी नाव बघितलं, कपाळाला आठी घातली. "हां बोल... अगं मी इथे महत्त्वाच्या कामात... किती?... साडेचारशे? मग ते शूज आजपासून शर्यतीला नाही, सरावाला. नवे कधी घेतले होते थांब..." मोठी लाल वही आली, तिच्यात प्रत्येक जोडीचा जन्म, मालक आणि चाललेले किलोमीटर. "आणि भोपाळचं तिकीट वेटिंगवर आहे ना अजून? उद्या सकाळी तत्काळला बसतो. तू मोबाइल चालू ठेव, ओटीपी तुझ्यावर येईल. आणि पायरीवर बस! घरात बसशील तर रेंज नाही. लोहाची गोळी घेतलीस? चहाबरोबर नाही ना? खरं सांग."

फोन ठेवून त्यांनी वहीत आकडा भरला, तत्काळसाठी पावणेदहाचा गजर लावला आणि लॅपटॉपकडे वळून मोठा सुस्कारा सोडला.

"बघा तुम्ही," मला म्हणाले, "या असल्या किरकोळ कटकटींमुळेच कार्यक्रम रखडतो सगळा."